चौकट पुसणारा हात

अण्णा, तुला घरातून नेलं तेव्हा मी रडले नाही, हे आपल्या अख्ख्या गल्लीनं पाहिलं. समोरची कामाक्षी मामी वैनीच्या कानाशी लागली म्हणे, "अंबुजाच्या मनाला धक्का बसलाय. कसंही करून तिला रडवा, नाहीतर आजारी पडेल." रडवा म्हणे! मी काय पाळण्यातलं पोर आहे, चिमटा काढला की भोकाड पसरायला?

रडू आलं होतं रे. तुझ्याशी खोटं कशाला बोलू. तुला कूडमात, मधल्या दालनात, खाली निजवलं होतं, वैनी पायाशी बसली होती, आणि मी स्वयंपाकघरातून तुळशीचं पाणी घेऊन येत होते. दारात आले आणि पाय पुढं जाईनात. भांडं कुणीतरी हातातून काढून घेतलं. माझा एक हात चौकटीवर गेला, पदराचं टोक दातांत आलं, आणि तो हात आपला चौकट पुसायला लागला, वरून खाली, वरून खाली, तिथं धूळ बसलीय असं समजून. माझं रडणं असंच आहे. आवाज नाही, हुंदका नाही. तेवढ्यात बाजूला उभ्या असलेल्या कुणाच्या तरी मुलीनं मैत्रिणीला कोपरानं ढोसलं आणि कुजबुजली, "अप्पडिये सार मादिरी!" अगदी सरांसारखं. सर म्हणजे तू. मी हात खाली घेतला. घशापर्यंत आलेलं सगळं तिथून मागं फिरलं, ते आजतागायत वर आलेलं नाही. तेरावा तोंडावर आला.

पेपरात तुझ्यावर आलंय ते वाचलं. कुठं जन्मलास, किती सिनेमे केलेस, कुठल्या कुठल्या हिरोंचा बाप झालास. फोटो मात्र त्या जमीनदाराच्या मिशांतला छापलाय. चौकातल्या पोरांनी तुझ्या श्रद्धांजलीचा भलामोठा फ्लेक्स लावलाय, त्यावर तू पुजारी आहेस, कपाळभर भस्म फासलेला. आपण वैष्णव रे! आई असती तर शिडी मागवून स्वतः पुसायला चढली असती. असो. ते सगळं लिहायला दुसरे आहेत. मला तुझ्याशी भांडायचंय. अर्धं राहिलेलं भांडण माझ्या पदरात टाकून तू असा निघून जाशील असं वाटलं नव्हतं.

आणि हे मी पुण्याच्या मराठीत लिहितेय म्हणून हसू नकोस. ह्यांच्या नोकरीपायी माझी उमेदीची सगळी वर्षं तिकडं गेली, मराठी लिहायला शिकले ती तिथलीच. तिकडच्या बायका आपलं तंजावरी बोलणं ऐकून म्हणायच्या, तुम्ही पोथीतल्यासारखं बोलता हो. आणि सुट्टीत इकडं आले की तू दारातच ओरडायचास, "अवघे सावध व्हा, पुण्याची सरकार आली!" कुठंच धड नाही. तुझं तरी काय वेगळं होतं? घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि पडद्यावर जो कोणी सांगतील तो.

तू सोसायटीतली नोकरी सोडून मद्रासला गेलास तेव्हा मी परकर पोलक्यात होते. आईनं तीन दिवस तुझ्याशी अबोला धरला. चौथ्या दिवशी डब्यात चटणीपूड भरता भरता एवढंच म्हणाली, "नाटकें करूनशनी कोणाचें पोट भरलें, तें मला एकदां दाखीव." तू वाकून नमस्कार केलास आणि गेलास. हिरो तुला कुणी करणारच नव्हतं. ते नाक, आणि तो पुढं आलेला दात! पण बघता बघता तू सगळ्यांचा कुणीतरी झालास. हिरोइनचा बाप, हिरोचा मास्तर, गावचा मुनसफ, ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येऊन चष्मा काढणारा डॉक्टर. कधी दोन सीन, कधी एक. तुझं नाव पाटीवर इतकं लहान यायचं की आईला वाचून दाखवेपर्यंत निघून जायचं. तरी बाजारात माणसं थांबायची. "सार, तुम्ही ते... ते नाही का..." आणि पुढं नाव काही सुचायचं नाही. मला राग यायचा. तू खूश व्हायचास. "बरवें जालें," म्हणायचास. "माझें नांव आठवलें असतें, तर काम कच्चें जालें म्हणायचें."

तुझं काम म्हणजे काय, ते आम्ही घरचेच ओळखून होतो. तू कुणाला ना कुणाला अंगात घेऊन पडद्यावर यायचास. टॉकीजमध्ये आम्ही रांगेनं बसायचो आणि तू आलास की एकमेकांना चिमटे काढायचो. अगो, हा चालतोय तो आपला गणिताचा मास्तर. हा चष्मा पुसतोय तो पोस्टातला. वेत्रिलै, विड्याची पानं, विकणारा तो पेरुमाळ, पानं मोजताना ओठ हलवायचा ना, त्याला तू चक्क हायकोर्टाचा जज करून टाकलास. निकाल वाचण्याआधी जजसाहेब ओठ हलवतात आणि अख्खं टॉकीज श्वास रोखून बसलंय. पेरुमाळला कुणी सांगितलं तर त्यानं विश्वास ठेवला नाही. "जजसाहेब माझ्यासारखे कशाला करतील?" म्हणाला, आणि पुन्हा पानं मोजायला लागला.

तिरुप्पनंदाळच्या अमृतमामाचं मात्र वाईट झालं. मामा मठाच्या कोठारावर होता. काहीही विचारा, तो आधी कानाची पाळी चोळायचा, वर आढ्याकडं बघायचा, मग उत्तर द्यायचा. तू ते उचललंस आणि एका लबाड वकिलाला दिलंस. मामानं मित्रांना घेऊन जाऊन सिनेमा बघितला. घरी आला तो हात खिशात घालूनच. आता कानाला हात लावला की लोक हसणार ना! पण कान चोळल्याशिवाय त्याला बोलणंच सुचेना. महिनाभर मामा गप्प. मामी म्हणाली, देवानं माझं ऐकलं. आम्ही पोट धरधरून हसलो, आणि सगळ्यांत जास्त मी हसले. मग मामाचा चेहरा आठवला आणि तुला म्हटलं, "अण्णा, निदान विचारून घेत जा रे." तू गंभीर झालास. म्हणालास, "विचारलें, कीं मनुष्य तें करून दाखवितो. मग तें खोटें होतें. मला खरें पाहिजे."

खरं पाहिजे! तेच तर माझं दुखणं आहे.

आई गेली तेव्हा तू शूटिंगवरून तसाच आलास. तुझ्या कानामागं रंग राहिला होता. मी पुण्याहून आदल्याच दिवशी येऊन पोचले होते. तू आलास, आईच्या पायाला हात लावलास, आणि भिंतीला टेकून उभा राहिलास. मी त्याच स्वयंपाकघराच्या दारात होते, चौकट धरून, पदर दातांत घेऊन. मान वर केली तर तू माझ्याकडं बघत होतास. आई समोर पडली होती आणि तू तिच्याकडं नाही, माझ्याकडं बघत होतास. पापणी लववत नव्हतास. ती नजर मला माहीत होती. त्याच नजरेनं तू पेरुमाळकडं बघायचास, मामाकडं बघायचास. मनात म्हटलं, नाही, आज नाही करणार हा असं. आईच्या मढ्यासमोर नाही करणार. आणि तुझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, अण्णा. परक्यांच्या आयांसाठी घागरीनं रडणारा तू, आपल्या आईला एक थेंब देऊ शकला नाहीस.

वर्षश्राद्धाला मी पुन्हा आले. श्राद्ध उरकून तू मद्रासला परतलास, आणि आम्ही बायका तुझा नवा सिनेमा बघायला गेलो. लेक घर सोडून गेलीय अशा बापाचं काम होतं तुझं त्यात. ती वारल्याची बातमी येते, घर भरलेलं आहे, आणि तू आत जाऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतोस. अंगवस्त्राचं टोक दातांत. एक हात चौकटीवर. आणि तो हात चौकट पुसायला लागतो.

टॉकीजमध्ये टाळ्या पडल्या. माझ्या शेजारची बाई नाक शिंकरत होती. मला वाटलं, माझी साडी कुणी भर बाजारात ओढली. वैनी माझ्याकडं बघेना. तिनंही ओळखलं होतं. मी तशीच उठून बाहेर आले, कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरले आणि तुला फोन लावला.

"अण्णा, तें माझें होतें."

"काय?"

"माझें रडणें. आईच्या वेळचें. विकलेंस तूं तें."

"अंबू, तें तुझें नव्हें."

माझं नव्हे? मग काय तुझ्या प्रोड्यूसरच्या बापाचं? मी फोन आपटला. बूथवाला माझ्याकडं बघत राहिला. त्यानंतर आपण किती वर्षं बोललो नाही, ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. उगाच मोजत बसत नाही.

त्या सीननं तुला नाव मिळालं. इतकी वर्षं जे नाव कुणाला आठवत नव्हतं ते एकदम सगळ्यांना आठवायला लागलं. बरोबरच आहे, काम कच्चं झालं म्हणायचं! आणि मग सुरू झाली ती मिमिक्री. टीव्हीवरच्या स्पर्धांमध्ये पोरं तोंडात टॉवेल कोंबून चौकट पुसायची आणि समोरचे लोक लोळून हसायचे. इथं भांड्यांच्या दुकानात नोकराच्या हातून हंडा पडला, तर दुसरा लगेच दाराशी जाऊन तुझी नक्कल करून दाखवतो. लग्नात नवरीची पाठवणी चाललीय आणि तिचे भाऊ दारात उभे राहून चौकट पुसतायत, खिदळतायत. माझं रडणं, अण्णा! देवानं मला एवढं एकच दिलं होतं रडायला, त्याचा तमाशा झाला. हे गेले तेव्हा मी पुण्यात होते म्हणून पोटभर रडले. तिकडं तुला कोण ओळखतं?

ह्यांच्यानंतर मी इकडं परत आले, आईच्या ह्याच घरात. तुझी कामं कमी झाली तशी तू आणि वैनीही आलात, शेजारच्याच बिऱ्हाडात. एका सकाळी तू दारात येऊन उभा राहिलास आणि म्हणालास, "कॉफी मिळेल काय, पुण्याची सरकार?" मी कॉफीचा डबरा पुढं ठेवला. झालं. भावाबहिणीचं भांडण असंच संपतं म्हणतात, पण ते संपलं नव्हतं. आपण त्याच्यावर झाकण ठेवलं. रोज सकाळी तू यायचास, डिकॉक्शन पातळ झालंय म्हणून कुरकुरायचास, मी म्हणायची मग तुझ्या बायकोकडं पी. तुझी मूळव्याध, माझा गुडघा, माझ्या श्रीनिचं लग्न जमत नाही, केळीच्या पानांचा भाव, सगळं बोलायचो. ते सोडून.

एकदा तू काढलं होतंस. गोविंदपुरम्‌ला विठोबाचं भजन ऐकून आपण दोघं बसनं परत येत होतो. तू खिडकीशी होतास. एकदम म्हणालास, "अंबू, त्या सिनेमाचें एक सांगायाचें राहिलें आहे." मी म्हटलं, "आता कशाला उकरतोस? इतकं छान भजन झालं, कशाला तोंड कडू करायचं." तू मान डोलावलीस. मला तर वाटलं, तुझी सुटकाच झाली. मग बाहेर बघत बसलास, आणि मी पिशवीतला प्रसाद काढून तुझ्या हातावर ठेवला.

परवापासून मी आणखी एका गोष्टीनं हैराण आहे. तू गेल्यावर मला तू आठवायला पाहिजेस की नाही? बसते, डोळे मिटते, आणि तुझ्या चालण्याऐवजी मास्तर चालत येतो. तू चष्मा पुसतोस तर पोस्टातला दिसतो. तू हसलास की काका, आपल्या अप्पांचा धाकटा भाऊ. तुझं म्हणून काही सापडतच नाही. एवढ्या लोकांना घरात घेतलंस की तुलाच बसायला जागा राहिली नाही. वैनीला विचारलं, तर ती डोळे पुसत म्हणाली, "झोपेत ते एका कुशीवर वळून उशीखाली हात घालीत. तें कोणाचें नव्हतें." बरं झालं, तिच्याकडं तेवढं तरी आहे. माझ्याकडं तेही नाही.

आणि मेलास कसा? सिनेमात तुला मरायला केवढा वेळ लागायचा! खोकला, पाणी, लेकीचा हात हिरोच्या हातात, मग कुठं मान पडायची. इथं कॉफी पिऊन पेपर उघडलास आणि पान उलटलं नाहीस. मी आतून विचारत होते, दूध संपलंय, आणतोस का? दोनदा विचारलं. चिडून बाहेर आले, तर तू पेपर धरून बसलेलाच. सगळे म्हणतात, देवाघरचं मरण. मला नको होतं ते. निदान खोकायचंस तरी. निदान एक वाक्य.

एवढं सकाळी लिहिलं होतं. मग वही मिटावी लागली, कारण तंजावरहून सीतू माउशी आली. आईची धाकटी बहीण, आता आईच्या पिढीतली ती एकटीच उरली. नातवानं तिला गाडीतून उचलून आणलं आणि खुर्चीत बसवलं. वाळून सुपारीएवढी झालीय, पण आवाज तसाच खणखणीत. तिनं वैनीला जवळ घेतलं, मला जवळ घेतलं, आणि म्हणाली, "पांड्याचें तोंड दाखवा मला एकदां. शेवटचें पाहायाला मिळालें नाहीं."

वैनी फोटो शोधायला लागली. एकातही तू नाहीस. फेटा आहे, खाकी टोपी आहे, दाढी आहे. माउशी वैतागली. "हे कोण सोंगाडे आणत्येस?" शेवटी माझ्या श्रीनिनं लॅपटॉप आणला आणि म्हणाला, "मामाचा चेहरा सगळ्यात साधा एकाच सिनेमात आहे." मला कळलं कुठला ते. सुतकात सिनेमा लावायचा काय, असं वैनी पुटपुटली, तर माउशी म्हणाली, "सुतक मला शिकवूं नको." मी उठायला लागले. माउशीनं माझं मनगट धरून ठेवलं होतं. नव्वदीच्या पुढची बाई, पण पकड अशी की सुटेना.

श्रीनिनं नेमका तोच सीन लावला. पोरगा बिचारा, त्याला काय ठाऊक. त्याला वाटलं, मामाचं सगळ्यात चांगलं काम. मी खाली जमिनीकडं बघत बसले. दार आलं असणार, चौकट आली असणार. माउशीची पकड सैल झाली. ती पुढं वाकली, पडद्याला नाक लागेल इतकी.

"अगो," ती म्हणाली. "ही आक्का."

माझ्या आईला ती आक्का म्हणायची. मी म्हटलं, "माउशी, पांडू तो. अण्णा."

"पांडू दिसतो मला. आंधळी नव्हें मी. ही रडत्ये ती आक्का."

मग तिनं सांगितलं. अप्पा गेले तेव्हा मी पाळण्यात होते आणि तू मुंजीच्या वयाचा. माउशी आईच्या सोबतीला येऊन राहिली होती. आई दिवसभर ताठ. आल्यागेल्याचं करायची, मला पाजायची, कुणासमोर डोळा ओला करायची नाही. दुपारी घर झोपलं की स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. पदर दातांत, आणि हात चौकटीवरून वरखाली. "तूं तिच्या पदरास धरून उभा असायचास," असं माउशी तुलाच सांगत होती, लॅपटॉपकडं बघून. "मी पाहिलें, तूं पाहिलेंस. तिसऱ्या कोणीं नाहीं." मग माझ्याकडं वळली. "आक्कानें आम्हां दोघांस देवासमोर उभें करून सांगितलें, अंबूस हें कधी कळतां नये. बापाविना पोर, तिला आई तरी हसरीच ठाऊक असों दे."

आणि ती मला हसरीच ठाऊक होती, अण्णा. अगदी शेवटपर्यंत. आपली आई कधी रडत नाही, म्हणून मी मैत्रिणींत मिरवायची.

"तें तुझें नव्हें." एवढंच म्हणालास तू फोनवर. त्याच्या पुढचं वाक्य आईनं तुझ्या तोंडात अडवून ठेवलं होतं, आणि मी फोन आपटला. त्या दिवशी भिंतीला टेकून तू माझ्याकडं बघत होतास ते काय बघत होतास? आई खाली पडलीय, आणि आईच दारात उभी राहून रडतेय. पापणी कशी लवणार तुझी? आणि ते माझ्या हाताला कुठून आलं? मी तर कधी पाहिलं नव्हतं. पाळण्यातून दिसत असेल का रे त्या दारापर्यंत? माउशीला विचारलं. ती म्हणाली, "मला काय पुसत्येस? झोंप आली मला."

मग मी तुझ्यावर भडकले. हो, भडकलेच! आई गेल्यावर कसलं आलंय वचन? सांगायचं होतंस की मेल्या! तोंडातून गेलं आणि जीभ चावली. पण सांगायचं होतंस. बसमध्ये मी नको म्हटलं म्हणून काय झालं, माझं नको तू कधीपासून ऐकायला लागलास? दुसऱ्या दिवशी कॉफी पिताना सांगायचंस. डबरा माझ्या डोक्यात घालून सांगायचंस. इतकी वर्षं मी तुला चोर समजत राहिले आणि तू माझी पातळ कॉफी पीत राहिलास.

माउशीला आत निजवलं. वैनी उद्याच्या तयारीला लागली, ब्राह्मण किती, पानं किती. मी श्रीनिला म्हटलं, मला ते यंत्र पुन्हा लावून दे आणि तू जा. तो माझ्याकडं बघत राहिला, पण गेला.

ह्या वेळी मी वर मान करून बघितलं. आधी तू दिसलास, नाक, दात, सगळा. मग हात चौकटीवर गेला आणि तू दिसेनासा झालास. तुझी मान आईसारखी एका अंगाला कलली. बोटं तिची. अंगठा आत दुमडून ती भांडं पुसायची ना, तसाच अंगठा. एवढं मला कसं नव्हतं दिसलं? टॉकीजमध्ये मी स्वतःलाच शोधत होते, म्हणून दिसलं नसेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पोरांनी नकला केल्या, आणि कुणालाही कळलं नाही की तू आईला तिथं ठेवून दिलंयस. तिच्यासाठी तू रडलास तो तिथं रडलास, सगळ्या मुलखासमोर, आणि तिला दिलेला शब्दही मोडला नाहीस. माझ्या आईला रडताना मी आज पहिल्यांदा पाहिलं. तिशीतसुद्धा नसेल ती तेव्हा.

मी रडले, अण्णा. मोठा आवाज झाला असावा, कारण वैनी हातातली कामं टाकून धावत आली आणि श्रीनिही आला. पदर कुठं होता, मान कशी होती, हात काय करत होता, मला काही म्हणजे काही ठाऊक नाही. दोघांनाही विचारलं, त्यांनी लक्ष दिलं नव्हतं. ते बघून मला सांगू शकला असता असा एकच माणूस होता ह्या घरात.